ओळ दोनशे चौदा

मशीन म्हणतं, चूक ओळ दोनशे चौदावर.
दोनशे चौदावर फक्त एक पूर्णविराम आहे,
रिकाम्या थांब्यावर शेवटची एसटी चुकलेल्या
माणसासारखा.
त्याला मी काय विचारू?

कन्ना चौकातलं माझं दुकान, दहा बाय आठ.
झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका,
आणि दिवाळीपासून हलकुडे सरांची बीजगणिताची वही,
जी टाइप करायला शहरात कुणी हो म्हणेना.
रात्रीचे साडेअकरा. मे महिना.
पंखा गरम हवा नुसती ढवळतोय.
मागच्या गल्लीत यंत्रमाग
खटाक-खट, खटाक-खट,
कुणीतरी जागं असल्याची पावती फाडत.

पान सात उघडलं, तर मराठी गेलेली.
‘समजा’ नाही. ‘म्हणून’ नाही. ‘परंतु’ नाही.
उरलेत नुसते एक्स आणि वाय,
उजवीकडे कललेले, एकमेकांना खेटून,
सात रस्त्यावर रिक्षात कोंबलेल्या
शाळेच्या पोरांसारखे.
बरोबरची चिन्हं शाबूत आहेत,
पण कशामुळे काय बरोबर,
ते सांगणारं कुणी उरलं नाही.

मी बंद करून चालू केलं.
एक कंस उघडला, एक मिटला.
तिरकी रेघ काढली, परत घातली.
एका चुकीच्या सतरा झाल्या,
सतराही दोनशे चौदाच्या पुढच्या.

भूमय्या काका चहाला डोकावले, भुवयांवर सुताचा भुसा.
जकार्डची कार्डं जुळवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली.
त्यांना इंग्रजी येत नाही.
गणित येतं, पण ते त्याला गणित म्हणत नाहीत.
पडद्याकडे बघून म्हणाले,
चादरीवर मोराला चोच नसली
तर चादरीला काय विचारतेस?
चादर बोलते, ते सगळं झाल्यावर.
वेनक्कि चूडु. मागं बघ.
जिथं शेवटचं नीट होतं, तिथून मोज.

मग मी निम्मी वही झाकली.
उरलेली नीट उमटली.
झाकलेल्यातली निम्मी उघडली, पुन्हा उरलेल्याची निम्मी,
भाकरी मोडत जावी तशी,
आणि हाताशी आली ओळ एकशे एकोणसाठ.
तिथे एक डॉलर उघडलेला,
मिटायचा राहिलेला.

आठवलं. त्या क्षणी एक बाई आली होती
पोराची मार्कशीट लॅमिनेट करायला, ओल्या पदरात गुंडाळून.
मी उठले. बोट तिथेच राहिलं.

मशीनचं काही चुकलं नव्हतं.
गणित सुरू झालं, असं त्याला सांगितलं होतं.
संपलं, असं कुणी सांगितलं नाही.
म्हणून पुढचं सगळं गणित,
‘समजा’ हेही गणित, माझी हरवलेली पाच मिनिटंही.
आणि गणिताच्या टंकात मराठी अक्षर नसतं,
तर त्यानं न बोलता जागा मोकळी सोडली.

एक डॉलर मिटला.
शब्द आपापल्या जागी येऊन बसले,
लाइट आल्यावर घरातली भांडी दिसावीत तसे.
शून्य चुका, मशीन म्हणालं.

मी पान सात वाचलं, कधी नव्हे ते हळू.
वजा तीन गुणिले अधिक दोन,
आणि खाली मधोमध, अगदी देखणं,
अधिक सहा.

दहावीला मी गणितात पस्तिसावर सुटले होते.
बोटांवर केलं. पुन्हा केलं.
वही उघडली. सरांनी वजाच काढलेला,
बरोबर वहीच्या छापील निळ्या रेघेवर.
त्याला रेघ समजून
अधिकचं चिन्ह मीच माझ्या मनानं घातलं होतं.
याची ओळ मला कुणी सांगितली नव्हती,
कुणी सांगणारही नव्हतं.

काकांचा अर्धा चहा गार झालाय, वर साय.
मागच्या गल्लीत माग मध्येच थांबला.
धागा तुटला असणार.

मी पेन्सिलीला टोक केलं
आणि पान एक काढलं.